बुबुळाची जखम आणि तिची नोंद

ऊसतोडीच्या हंगामात डोळ्याला पात लागली, तर ती कुणाला सांगण्याजोगी गोष्ट वाटत नाही. डोळा चोळला जातो, पाण्याचा हबका मारला जातो आणि काम चालू राहते. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, तिसऱ्या दिवशी उजेड सहन होत नाही. मग मेडिकलमधून कुठले तरी ड्रॉप्स येतात. ते स्टिरॉइडचे असले तर लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते आणि बुबुळात शिरलेली बुरशी निर्धास्त वाढत राहते. माणूस नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचतो तेव्हा बुबुळावर पांढुरका डाग पडलेला असतो आणि आतल्या कप्प्याच्या तळाशी पू साचलेला असतो. केसपेपरवर ‘कॉर्नियल अल्सर’ असे लिहिले जाते. पुढे केव्हातरी, दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या शहरात, कुणीतरी त्या दोन शब्दांवरून संगणकात एक कोड भरतो. त्या कोडमध्ये पात नसते, बुरशी नसते, अनेकदा डोळा डावा की उजवा हेसुद्धा नसते.

जखम आणि कोड यांच्यामध्ये नेमके काय घडते, काय गळते आणि ते गळू नये म्हणून काय करता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. बुबुळाच्या दाहाचे, म्हणजे केराटायटिसचे, निदान आणि त्याचे कोडिंग ही दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी कामे आहेत, असे आपल्याकडे धरले जाते. मला ते एकच काम वाटते. निदान पूर्ण झाले की नाही याची कसोटी त्याच्या नोंदीतच लागते. जे लिहिता येत नाही, ते बहुतेक वेळा पुरते तपासलेले नसते.

आधी बुबुळाविषयी थोडे. बुबुळ म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढे असलेला कॉर्निया. तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तो करतो. तो पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात; मज्जातंतू मात्र शरीरात क्वचितच कुठे असतील इतके दाट असतात. म्हणून धुळीचा एक कण माणसाला अस्वस्थ करतो. फक्त वरचा पातळ थर खरवडला गेला तर तो थोड्या दिवसांत भरून येतो आणि मागे काही राहत नाही. जखम त्याखालच्या थरात, स्ट्रोमात, उतरली की ती भरते पण पारदर्शकता परत येत नाही. तिथे पांढरा व्रण राहतो. गावाकडे त्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात. आधीच्या पिढ्यांत ही फुले देवीच्या आणि गोवराच्या साथींत पडत. देवी गेली. गोवर आणि अ-जीवनसत्त्वाची कमतरता यांच्यामुळे जाणारे मुलांचे डोळे लसीकरणाने आणि अ-जीवनसत्त्वाच्या डोसांनी पुष्कळ कमी झाले. आता उरला आहे तो मुख्यतः इजा आणि जंतुसंसर्ग यांचा केराटायटिस. तो शेतात, बांधकामावर, वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्यांना होतो.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू होते. पन्नाशीच्या आतल्या वयोगटात मात्र कॉर्नियाची अपारदर्शकता पहिल्या क्रमांकावर, ३७.५ टक्के, निघाली. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. बुबुळाच्या व्रणाला प्रत्यारोपण लागते, त्यासाठी दान केलेला डोळा लागतो आणि संसर्गाने पेटलेल्या डोळ्यात केलेले प्रत्यारोपण टिकण्याची शक्यता कमी असते. म्हणजे जी वर्षे राबण्याची आणि कमावण्याची, त्याच वर्षांत हा आजार डोळा नेतो.

निदानाची साधने जुनी आहेत आणि अजूनही तीच कामाची आहेत. फ्लुरेसिन हा रंग आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली बनवला. त्याची पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळ्या प्रकाशात पाहिले की वरचा थर जिथे उडाला आहे ती जागा हिरवी चमकते. स्लिट लॅम्प आल्वार गुलस्ट्रांड यांनी १९११ मध्ये मांडला. प्रकाशाच्या बारीक फटीने बुबुळाचा जणू उभा छेद दिसतो आणि जखम किती खोल आहे ते कळते. या दोन्हींच्या आधी करायची एक साधी तपासणी आहे आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. कापसाचे टोक वळून बुबुळाला अलगद लावायचे आणि पापणी मिटते का ते पाहायचे. हे बधिरतेचे थेंब टाकण्यापूर्वीच करावे लागते, एकदा थेंब पडले की ती संधी गेली. संवेदना कमी असेल तर नागीण किंवा हर्पिसचा विचार करायचा. कुष्ठरोगात चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावून पापणी मिटत नसेल आणि बुबुळही बधिर असेल, तर रुग्णाला वेदना होत नाही म्हणून तो येतच नाही. त्याच्या बाबतीत कापसाचे ते टोक डोळा वाचवू शकते.

पाठ्यपुस्तकात जंतूंच्या खुणा स्पष्ट असतात. हर्पिसचा व्रण फांद्या फुटल्यासारखा, टोकांना बारीक गाठी असलेला. बुरशीचा व्रण कोरडा, किंचित उंचावलेला, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, आसपास छोटे सुटे डाग. अकँथअमीबाचा दाह दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणारा, पुढे कड्यासारखा गोल होणारा. प्रत्यक्षात मात्र या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि आधी कुठले तरी थेंब पडून गेले असतील तर आणखीच पुसट होतात. याविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक शिकाऊ डॉक्टराने वाचावा. कॉर्नियाच्या १५ तज्ज्ञांना ८० डोळ्यांची छायाचित्रे दाखवून जिवाणू की बुरशी एवढेच विचारले. उत्तर बरोबर आले ते ६६ टक्के वेळा. बुरशीची किंवा जिवाणूची नेमकी जात ओळखणे तर १० टक्क्यांच्या घरात. ही माणसे आयुष्यभर बुबुळ पाहणारी होती. तेव्हा नुसत्या पाहण्यावर ‘फंगल’ असे लिहून मोकळे होणे हे निदान नव्हे, तो अंदाज आहे आणि केसपेपरवर तो अंदाज म्हणूनच लिहावा.

म्हणून स्क्रेपिंग. व्रणाच्या कडेवरून आणि तळातून पात्याने खरवडून घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरायचा. एका पट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (केओएच) थेंब टाकायचा, दुसरीवर ग्रॅम रंग. उरलेला नमुना कल्चरसाठी. केओएचची पट्टी काही मिनिटांत बुरशीचे धागे दाखवते. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा सूक्ष्मदर्शक आणि सराव झालेले डोळे लागतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांचे व्रण असे तपासले गेले. ६५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी आधी इजा झाल्याचे सांगितले. ज्यांच्या कल्चरमध्ये काही वाढले, त्यांत जिवाणू ४७.१ टक्के आणि बुरशी ४६.८ टक्के होती. म्हणजे जवळपास निम्मे निम्मे. थंड हवेच्या देशांत बुरशीचा वाटा याहून पुष्कळ कमी असतो. तिथली पाठ्यपुस्तके वाचून आपण प्रत्येक व्रणाला आधी जिवाणूचे औषध देत बसलो, तर आपल्या हवामानातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचे पहिले मोलाचे दिवस वाया जातात.

जंतू ओळखण्याने उपचार बदलतो, याचा पुरावाही मुख्यतः तमिळनाडूतूनच आला. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुरशीचा व्रण असलेल्या ३२३ रुग्णांना नॅटामायसिन किंवा व्होरिकोनॅझोल यांपैकी एकाचे थेंब दिले गेले. जुने नॅटामायसिन सरस ठरले आणि फ्युझेरियम या बुरशीत फरक सर्वांत ठळक होता. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. याच्या उलट उदाहरण पिथियमचे. तोही धाग्यांसारखा वाढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीच वाटतो, पण ती बुरशी नव्हे. बुरशीविरोधी औषधे ज्या अर्गोस्टेरॉलवर हल्ला करतात तेच त्याच्यात नसते, त्यामुळे ती त्याच्यावर नीट चालत नाहीत. लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही जिवाणूंची औषधे त्याच्यावर वापरली जातात. अशा रुग्णाच्या पेपरवर ‘औषधाला दाद न देणारी बुरशी’ एवढेच लिहून राहिले, तर पुढचा डॉक्टर त्याच चुकीच्या वाटेने जाणार.

आता कोडकडे येऊ. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीपासून झाली. झाक बर्तियों यांनी ती १८९३ मध्ये शिकागो इथे मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारही घेतले. दहावी आवृत्ती, आयसीडी-१०, १९९० साली मंजूर झाली आणि आज आपल्याकडे रुग्णालयांच्या नोंदींत आणि विमा दाव्यांच्या अर्जात तीच वापरली जाते. तिच्यात केराटायटिसचे स्थान एच-१६. त्यापुढच्या अंकात शून्य म्हणजे व्रण, एक म्हणजे वरवरचा दाह, दोन म्हणजे बुबुळ आणि नेत्रश्लेष्मल आवरण या दोन्हींचा दाह, तीन म्हणजे खोलवरचा, चार म्हणजे बुबुळात रक्तवाहिन्या शिरणे. आठ ‘इतर’ आणि नऊ ‘अनिर्दिष्ट’. वेल्डिंगच्या ठिणगीने नव्हे तर अतिनील किरणांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, तो दाह एच-१६.१ मध्ये येतो. ठिणगीचा कण बुबुळात रुतला असेल तर मात्र टी-१५.०. नुसता ओरखडा, संसर्ग नसलेला, एस-०५.०. हे तीन कोड एकाच दुकानातल्या एकाच कामगाराला वेगवेगळ्या दिवशी लागू शकतात.

घोळ होतो तो एच-१६ च्या बाहेर. हर्पिसचा केराटायटिस एच-१६ मध्ये शोधू नये. तो संसर्गांच्या प्रकरणात, बी-००.५ मध्ये आहे. नव्याने शिकणारा कोडर इथे हमखास अडतो, कारण डॉक्टराने ‘व्हायरल केराटायटिस’ एवढेच लिहिलेले असते. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो. हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंत लपून राहतो आणि पुन्हा उसळतो. दहा वर्षांनी त्याच माणसाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने बुबुळ विरघळत असेल तर तो कोड डोळ्यांच्या प्रकरणात नसून पोषणाच्या प्रकरणात, ई-५०.४ आहे. आणि तो लिहिला गेला की एका मुलाच्या डोळ्याबरोबर त्या वाडीच्या कुपोषणाचीही नोंद होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये व्रणाला एच-१६.० हा एकच कोड आहे. पू साचलेला, फुटलेला, कडेचा, मधला, सगळे त्यातच. जिवाणू की बुरशी हे दाखवायचे तर जंतूचा कोड वेगळा जोडावा लागतो आणि ते क्वचितच केले जाते. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणलेल्या आयसीडी-१० च्या विस्तारित रूपात मात्र आत्ताच सांगितलेल्या बाबींना जागा आहे: एच-१६.०३ म्हणजे पू साचलेला व्रण, एच-१६.०६ बुरशीचा, एच-१६.०७ फुटलेला, आणि शेवटच्या अंकात उजवा, डावा की दोन्ही. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद इथे बसून अमेरिकी रुग्णांचे चार्ट वाचणारी आपली कितीतरी मुले-मुली हे कोड रोज भरतात. त्यांच्यासाठी या पुस्तकातला एक मोठा भाग आहे. त्यांनी एक नियम पक्का लक्षात ठेवावा. त्या पद्धतीत बाह्यरुग्णाच्या नोंदीत ‘बहुधा’, ‘संशयित’, ‘शक्यता’ असे शब्द असतील तर तो आजार नक्की झाला असे धरून कोड देता येत नाही. ‘बुरशीचा संशय’ एवढेच असेल तर जे निश्चित आहे तेवढे, म्हणजे व्रण आणि त्याची जागा, कोड करायचे. आंतररुग्णाच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे. कोडर रुग्णाच्या डोळ्यात पाहू शकत नाही, पण डॉक्टराला विचारू शकतो. ‘कल्चरचा अहवाल आला का, आणि त्यावर आपले मत काय,’ हा प्रश्न विचारणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे आणि डॉक्टरांनी त्याचा राग मानू नये.

या सगळ्यात एच-१६.९, ‘अनिर्दिष्ट’, हा कोड मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. पहिल्या दिवशी काहीच माहीत नसताना तो लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. बुरशीचे कल्चर वाढायला कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. अहवाल आल्यावरही नोंद तशीच राहते, तिथे खरे नुकसान होते. प्रयोगशाळेच्या वहीत ‘फ्युझेरियम’ असते आणि रुग्णालयाच्या यादीत ‘अनिर्दिष्ट केराटायटिस’. वर्षाअखेरीस औषधांची मागणी त्या यादीवरून जाते. नॅटामायसिन किती लागेल हे तिला सांगता येत नाही, कारण तिच्या लेखी त्या तालुक्यात बुरशी नाहीच.

खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, आणि बुरशीचा केराटायटिस यांची तुलना मी विद्यार्थ्यांना नेहमी करायला सांगतो. खुपरीला ए-७१ हा स्वतंत्र कोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८७ साली तिच्या अवस्था ओळखण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली, गावोगाव मोजणी झाली, कार्यक्रम चालले आणि २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून तिचे उच्चाटन झाल्याचे संघटनेने मान्य केले. बुरशीच्या केराटायटिसचे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला, त्यांत आशियाचा वाटा सर्वांत मोठा. तरी त्याच्यासाठी असा कार्यक्रम नाही. याला कारणे अनेक आहेत. खुपरी एका जिवाणूमुळे होते आणि गोळीने आटोक्यात येते. बुरशीचे तसे नाही. पण जे मोजले गेले त्यालाच पैसा मिळाला, हेही त्यातले एक कारण आहेच. मदुराई जिल्ह्यात १९९३ या वर्षासाठी बुबुळाच्या व्रणाचे प्रमाण काढले गेले तेव्हा ते लाखामागे ११३ निघाले, अमेरिकेतल्या एका जिल्ह्याच्या सुमारे दहापट. ‘मूक साथ’ हे नाव या आजाराला १९९७ मध्ये मिळाले ते अशा आकड्यांमुळेच.

डोळे येण्याच्या साथींतही हेच होते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लाखो लोकांचे डोळे आले. अशा साथींमागे कधी एंटेरोव्हायरस असतो, कधी ॲडिनोव्हायरस. ॲडिनोव्हायरस असेल तर काही जणांच्या बुबुळावर बारीक गोल डाग उमटतात आणि लाली गेल्यावरही कित्येक महिने धूसर दिसते. अशांचा कोड बी-३०.०, नुसत्या डोळे येण्याचा बी-३०.१. सगळ्यांनाच ‘कंजंक्टिव्हायटिस’ लिहिले की धूसर दिसणारे ते लोक नोंदींतून नाहीसे होतात. पावसाळ्यातच चिखलपाणी डोळ्यात गेल्यावर मायक्रोस्पोरिडियाचा दाहही दिसतो. असा रुग्णही याच साथीतला समजून सोडून दिला जातो.

आयसीडी-११ ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात मूळ कोडला जंतू आणि बाजू यांचे कोड जोडून एकच पूर्ण नोंद करता येते. हे चांगले आहे. पण जोडायला काही असावे लागते, आणि ते केसपेपरवरूनच येणार. म्हणून या पुस्तकात नव्या आवृत्तीवर एकच छोटे प्रकरण आहे आणि केसपेपर कसा लिहावा यावर तीन. कुठला डोळा, कशाने लागले, किती दिवस झाले, आधी कुठले थेंब पडले, व्रण किती मिलिमीटर, पू किती, संवेदना आहे की नाही, स्क्रेपिंगमध्ये काय दिसले. हे ज्या पेपरवर आहे त्याचे कोडिंग कुणीही करू शकेल. ‘कशाने लागले’ यालाही कोड आहे: काटे आणि धारदार पानांसाठी डब्ल्यू-६०. उसाची पात त्यात बसते. तो भरला गेला असता तर कारखान्यांच्या पट्ट्यात संरक्षक चष्मे किती आणि कोणत्या महिन्यात वाटावेत, याचे उत्तर आपल्याजवळ असते.

प्रतिबंधाबद्दल थोडे सावधपणे लिहिले आहे. नेपाळमधल्या भक्तपूरमध्ये गावातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळाला ओरखडा आलेल्यांना तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. ज्यांना ते इजेनंतर अठरा तासांच्या आत मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. हा निष्कर्ष २००१ चा आहे आणि तो वाचून आशा वाटते. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न दिलेला गट नव्हता. नेपाळमध्येच पुढे तुलनेच्या गटासह मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि सेवक नेमलेल्या भागांत व्रणांचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. दोन्ही निष्कर्ष इथे शेजारी शेजारी दिले आहेत. आशा कार्यकर्त्यांना आणि गटप्रवर्तकांना शिकवताना दोन्ही सांगावेत, आणि लाल डोळ्यात दुखणे, उजेड सहन न होणे, कमी दिसणे किंवा पांढरा ठिपका यांपैकी काही असेल तर रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हे मात्र निर्विवाद आहे.

औषधांच्या मात्रा पुस्तकात दिलेल्या नाहीत; त्या बदलत राहतात आणि त्या ठरवणे उपचार करणाऱ्याचे काम आहे. शेवटच्या भागात काल्पनिक रुग्णांचे नमुना केसपेपर आहेत. प्रत्येक पेपर दोनदा छापला आहे: आधी गर्दीच्या ओपीडीत लिहितात तसा, मग पूर्ण तपासणीनंतर लिहावा तसा. वाचकाने पहिल्यावरून स्वतः कोड द्यावा, कुठे अडले ते समासात लिहावे आणि मगच पान उलटावे. कोडरांनी पुस्तकाची सुरुवात या नमुन्यांपासून केली तरी चालेल, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी मात्र स्क्रेपिंगच्या प्रकरणापासून करावी.